देव आणि दुःख (लेखांक ५) : किल्लारीची माळवदं

मागच्या आठवड्यात आपण ऑगस्टीनच्या उत्तरापाशी थांबलो होतो. देव प्रेमळ आहे, म्हणूनच त्याने माणसाला निवडीचं स्वातंत्र्य दिलं. माणूस ते वाईटाकडे वळवतो आणि त्यातून दुःख जन्मतं. युद्ध, छळ, लुबाडणूक यांपुरतं हे उत्तर मला आजही भक्कम वाटतं. पण जमीन हादरते तेव्हा कोणी काय निवडलेलं असतं?

१ नोव्हेंबर १७५५. लिस्बनमध्ये सर्व संतांचा सण, चर्च माणसांनी भरलेली. भूकंपातून वाचून जे नदीकाठाकडे धावले, त्यांच्यावर समुद्र चालून आला. शहरातली आग कित्येक दिवस विझली नाही. व्हॉल्तेअरने कविता लिहून या मरणांचा जाब विचारला. रूसोने १७५६ च्या ऑगस्टमध्ये त्याला पत्र लिहून वेगळाच मुद्दा काढला: सहा-सात मजली घरं निसर्गाने बांधली नव्हती. लोक दाटीवाटीने राहिले नसते, सामानापायी अडकून पडले नसते, तर इतके मेले नसते. म्हणजे भूकंपातही माणसाची निवड आहेच.

हे वाचताना मला दर वेळी किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराखाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचा जड थर. हे माळवद उन्हाळ्यात घर गार ठेवतं. दगड शिवारातला, माती गावातली, गवंडीही गावचाच. दख्खनचं पठार तर स्थिर मानलं जाई. जाणकारांनाही तिथे एवढ्या धक्क्याची अपेक्षा नव्हती. गवती छपराची हलकी घरं बरीच टिकली आणि ऐपत होती म्हणून बांधलेले दगडी वाडे बसले.

पोरांना ऊन लागू नये म्हणून ज्या बापाने माळवदावर मातीची आणखी चार घमेली टाकली, त्याने निवड केली होती, हे खरं. पण ती मायेपोटी केलेली होती. तिला पाप कसं म्हणायचं? स्वातंत्र्याला आधी माहिती लागते. आज धोका ठाऊक असूनही कोणी कच्चं घर बांधून विकलं, तर त्याच्यावर रूसोचा आरोप पुरेपूर लागू होतो. त्या बापाला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. देव सर्वज्ञ असेल, तर त्याला ठाऊक होतं. ऑगस्टीनचं उत्तर माझ्यासाठी इथे अडतं, आणि ते पुढे ढकलण्याचा प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.

आपल्याकडे याचं उत्तर पूर्वकर्मात शोधलं गेलं. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, तांदूळ उगवणार की जव, हे बियाणं ठरवतं. किल्लारीतल्या तान्ह्या मुलाला हा दाखला कसा लावायचा, तिथून पुढच्या आठवड्यात सुरुवात करू.