कॉम्प्रेसरची जुनी टाकी : दुरुस्त करावी की बदलावी?

कोयनानगरच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा दमट हवेत विहिरीचा कातळ फोडण्याच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकांत हवा भरण्याच्या जुन्या कॉम्प्रेसरची टाकी बाहेरून धड दिसली, तरी आतून गंजलेली असू शकते. दाबलेली हवा थंड होताच तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. ते तळाशी साचून पत्रा खात जाते.

दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब असता ४० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीच्या प्रत्येक टोकावर सुमारे ८,८०० किलोग्रॅम भार येतो. झिजलेल्या पत्र्यास तो न पेलल्यास टाकीचा स्फोट होतो.

म्हणून गळत्या भोकावर वेल्डिंगचे ठिगळ लावू नये. भोकाभोवतालचा पत्राही बहुधा पातळ झालेला असतो. गळती, चीर किंवा खोल गंज आढळल्यास टाकीच बदलावी. इंजिन व हवा दाबणारा भाग सुस्थितीत असल्यास ते योग्य मापाच्या नव्या टाकीस जोडता येतात.

टाकी शाबूत वाटल्यास जाणकार कारागिराकडून पत्र्याची जाडी मोजून घ्यावी व ती पाण्याने पूर्ण भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासून घ्यावी. पाणी फारसे दाबले जात नसल्याने टाकी फाटली तरी मोठा स्फोट होत नाही. ही चाचणी हवेने कदापि करू नये.

सुरक्षा झडप व दाबमापक चालू स्थितीत ठेवावेत आणि रोज काम संपताच तळाची तोटी उघडून पाणी काढून टाकावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हे शेतकऱ्यांस पटवून द्यावे. टाकीचा खर्च भरून निघतो, गेलेला हात परत येत नाही.