जाळी बसली, पण टाका कोणत्या धाग्याचा?

हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या रुग्णाला ‘जाळी बसवली आहे’ एवढेच ठाऊक असते. ती कोणत्या धाग्याने शिवली, हे सहसा कोणी विचारत नाही. मात्र हर्निया पुन्हा उद्भवणे आणि जांघेत महिनोन्‌महिने रेंगाळणारी वेदना या दोन्हींचा संबंध त्या धाग्याशी असू शकतो.

पूर्वी जांघेतील कमकुवत भिंत आजूबाजूचे स्नायू ओढून शिवली जात असे. त्या ताणामुळे टाके सुटत. लॉस एंजेलिस येथील डॉ. लिक्टेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ताण न देता पॉलिप्रॉपिलीनची जाळी भिंतीवर पसरतात. जाळीची खालची कड जांघेच्या अस्थिबंधाला सलग टाक्यांनी, तर वरची कड मोजक्या टाक्यांनी बांधली जाते.

टाक्याचे खरे काम काही आठवड्यांचेच असते. जाळीच्या छिद्रांत शरीराच्या ऊती शिरल्या की जाळी आपोआप धरून राहते. मग धागा कायमचा आत का ठेवावा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. पॉलिप्रॉपिलीनचा धागा विरघळत नाही. पॉलिग्लॅक्टिनच्या धाग्याची ताकद तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्म्यावर येते आणि सुमारे दोन महिन्यांत तो नाहीसा होतो. पॉलिडायॉक्सॅनोन अधिक चिवट आहे. त्याची निम्मी ताकद सुमारे चार आठवडे टिकते व तो पूर्ण विरघळण्यास सहा महिने लागतात.

या प्रश्नावर स्वीडनच्या हर्निया नोंदवहीने महत्त्वाचा पुरावा दिला. ८२,०१५ शस्त्रक्रियांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर विरघळणाऱ्या धाग्याने जाळी शिवलेल्या रुग्णांत हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. उशिरा विरघळणारे धागे मात्र कायमस्वरूपी धाग्यांच्या जवळपास बरोबरीचे ठरले. म्हणजे घाई धाग्याला मानवत नाही!

वेदनेचा हिशेब इतका सरळ नाही. जांघेतून तीन नसा जातात. त्यांपैकी एखादी टाक्यात अडकली तर कायमस्वरूपी धागा तिला सोडत नाही, विरघळणारा कालांतराने सोडतो. परंतु वेदनेला जाळीभोवतीचा व्रण व नसांना झालेली इजाही कारणीभूत असते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुमारे १० ते १२ टक्के रुग्णांना मध्यम ते तीव्र दीर्घकालीन वेदना होतात. म्हणून काही शल्यचिकित्सक टाक्यांऐवजी फायब्रिनचा ‘गोंद’ वापरतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर गोंदाच्या रुग्णांना त्रास कमी आढळला. अडचण किमतीची.

किमतीचा विषय महाराष्ट्राला नवा नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या निर्जंतुक कापडाचीच जाळी केली. अशाच स्वस्त जाळीची युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया पुन्हा उद्भवला, महागड्या गटात एकाचाही नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने जाळी व धागा या दोहोंची विचारणा करावी आणि दोन्हींची नोंद डिस्चार्ज कार्डावर करून घ्यावी. तीन महिन्यांनंतरही वेदना थांबली नाही, तर पुढच्या डॉक्टरला ती उपयोगी पडते.