घाटात दम न धरणारी गाडी

मंगळवार असल्याने तुळजापुरात सकाळपासूनच गर्दी आहे. सोलापूरचा रस्ता बालाघाटाच्या डोंगरातला घाट चढून गावात येतो, आणि त्या चढाने ज्यांचं दुखणं उघडं पाडलं त्या गाड्या इथल्या गॅरेजांसमोर लागतात. आता आलेल्या पांढऱ्या गाडीच्या आरशाला कवड्यांची माळ आहे, मागे परडी मांडीवर घेऊन आजी बसल्या आहेत.

"काय होतंय काका?" बॉनेटला हात लावायच्या आधी मिस्त्री विचारतो.

"लय झटके मारायली. घाटात पिकअपच घेईना. आन् वर गर्दीत हळू केली की बंद पडायली. प्लग परवाच बदलले, तरी तेच."

"थंड असताना का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर. सपाटीला बरी पळती."

"चेक लाइट?"

"घाटात लुकलुकत होती."

मिस्त्री मान हलवतो. लुकलुकणारा चेक लाइट म्हणजे एखादा सिलेंडर नीट पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेला लागलंय. तसंच दामटत राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो, आणि तो महागात पडतो. "अशा वेळी रेस कमी करून गाडी बाजूला घ्यायची काका, ओढायची नाही," तो सांगतो.

इंजिनाला तीन गोष्टी वेळेवर लागतात: हवा, पेट्रोल आणि करंट. तो पेट्रोलपासून सुरुवात करतो. स्टार्टर न मारता नुसती चावी फिरवतो आणि मागच्या सीटकडे कान देतो. टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणून थांबतो. आवाज आला म्हणून प्रेशर असतंच असं नाही, म्हणून तो गेज लावतो. रेस दिली तरी काटा जागचा ढळत नाही. मग हवेचे पाइप बोटांनी चाचपत जातो. कुठे फट नाही, फुसफुस नाही. शेवटी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर जोडतो. पडद्यावर कोड येतो: पी ०३०३. तिसरा सिलेंडर मिसिंग करतोय.

"मग तिसरी कॉइल बदला की," काका म्हणतात.

"थांबा. आधी जागा बदलून बघू."

या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. तो तिसरी कॉइल पहिल्यावर बसवतो, पहिली तिसऱ्यावर. कोड पुसतो आणि गाडी घाटाकडे नेतो. परत येतो तेव्हा पडद्यावर पी ०३०१ आहे. दोष कॉइलबरोबर सरकला. प्लग आणि इंजेक्टर जिथल्या तिथे होते, म्हणजे ते निर्दोष. एक रुपयाचाही पार्ट न घेता निकाल लागला, आणि मला हे कौशल्य पाना फिरवण्याहून मोठं वाटतं.

कॉइलचं रबरी बूट तो उजेडात धरतो. त्यावर केसाएवढी काळी रेघ आहे. चढावर सिलेंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो आणि ठिणगी पडायला व्होल्टेजही जास्त लागतं. ते वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत जातं. मग करंट प्लगच्या टोकाशी जाण्याऐवजी या रेघेतून इंजिनाच्या धातूत पळतो. सपाटीला तेवढी गरज नसते, म्हणून गाडी शहाण्यासारखी चालते.

नवी कॉइल बसते, पण मिस्त्री बॉनेट लावत नाही. गर्दीत बंद पडण्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तो थ्रॉटल बॉडी उघडतो. आतल्या पाकळीभोवती कार्बनचं काळं कडं जमलंय. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन इथल्या बारीक वाटेने आलेल्या हवेवर जगतं. ती वाट बुजली की श्वास तुटतो. फवारा मारून, फडक्याने पुसून तो पाकळी लख्ख करतो.

"पंप पण टाकून घ्या नवा," काका म्हणतात, "लांब जायचंय."

"प्रेशर बघितलं ना काका, चांगल्या पार्टला हात नको."

पुन्हा घाट उतरून चढून गाडी येते. कोड नाही. गॅरेजच्या गेटजवळ ॲक्सिलरेटर सोडून उभी केली, तरी इंजिन एकसारखं चालू आहे. मिस्त्री जुनी कॉइल काकांच्या हातात देतो.

"पुढं कुणी काही बदला म्हणलं तर आधी विचारायचं, तपासलं का?"