४.३ राजकीय संस्था, संस्कृती आणि आर्थिक वाढ : बुलडाणा जिल्ह्याचे उदाहरण

भूमी, श्रम व भांडवल सारखे असूनही प्रदेशांची आर्थिक वाढ भिन्न का होते, हा या उपघटकाचा प्रश्न आहे. 'संस्था' म्हणजे येथे कार्यालय नव्हे, तर मालकी, करार आणि कर यांविषयीचे नियम होत. अर्थशास्त्रज्ञ डग्लस नॉर्थ यांनी त्यांचे दोन प्रकार मानले : कायद्यासारखे औपचारिक आणि रूढी-विश्वासासारखे अनौपचारिक.

४.३.१ औपचारिक नियम

बुलडाण्याची काळी जमीन पूर्वापार होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. पुढे रयतवारी पद्धतीने कसणाऱ्याचे नाव सरकारदप्तरी लागले. सारा थेट त्याच्याकडून घेतला जाऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली आणि खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ बनले.

मात्र नोंदलेली जमीन गहाणही ठेवता येऊ लागली. भाव पडताच कर्जबाजारी शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे जाण्याचा मार्ग खुला झाला. म्हणजेच गुंतवणुकीस बळ देणारा नियम संरक्षणाअभावी मालकी हिरावूही शकतो.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९७२ पासून, राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला हमखास ग्राहक मिळाला, परंतु अन्यत्र विकण्याचे स्वातंत्र्य गेले. तोटा वाढल्यावर मक्तेदारी शिथिल करावी लागली. हेतू चांगला असला, तरी नियमाचा भार कोण वाहणार हे पाहावेच लागते.

४.३.२ संस्कृती आणि विश्वास

सुगीत सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव उतरतो. हातात पैसा नसलेल्यास तेव्हाच विकावे लागते. गोदामात धान्य तारण ठेवून कर्ज मिळाल्यास त्याला थांबता येते. बुलडाण्यात उदयास आलेल्या सहकारी पतसंस्थेने असे तारणकर्ज दिले आहे. परंतु ठेवीदाराचा विश्वास नसेल, तर पतसंस्थेकडे कर्जास पैसाच उरत नाही. हा विश्वास परिचयातून जन्मतो. तो टिकतो मात्र नियमित लेखापरीक्षणामुळे. संस्कृती व कायदा येथे परस्परपूरक ठरतात.

सारांश : काळ्या जमिनीतून पीक येते, त्या पिकाचा लाभ कोणाच्या घरी जातो, हे नियम आणि विश्वास ठरवतात.

स्वयंअध्ययन प्रश्न : आपल्या गावातील शेतमाल-विक्रीचा एक लिखित व एक अलिखित नियम सांगून त्यांचा लाभ कोणाला होतो ते लिहा.