कोंबड्या गेल्या, पिसवा राहिल्या

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात एक आजी आल्या. सोबत सून आणि दहावीतला नातू. तिघांच्याही पायांवर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, बारीक लाल पुळ्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी याच तक्रारीसाठी ते आले होते. सगळ्या घराला खाज सुटली म्हणजे खरूज, असं गृहीत धरून मी मलम लिहून दिलं होतं. फरक शून्य.

या वेळी नीट पाहिलं. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती दिसते. इथे हात स्वच्छ होते. चावे फक्त गुडघ्याखाली, आणि तीन-तीन, चार-चार एका रांगेत. मी विचारलं, "घरात जनावर काय आहे?"

"आता काय न्हाई. धा-बारा कोंबड्या हुत्या. तुऱ्यावर काळं काळं धरलं, डोळं मिटाया लागल्या, म्हणून इकून टाकल्या."

"कधी?"

"झालं की तीन आठवडं."

सून हळूच म्हणाली, "खाज वाढली ती त्यानंतरच."

नातवाच्या मोबाइलमध्ये एका कोंबडीचा जुना फोटो होता. तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती काळे तीळ चिकटवावेत तसे ठिपके. त्या पिसवा होत्या.

जगात पिसवांच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत. बहुतेक सस्तन प्राण्यांवर जगतात, पक्ष्यांवर जगणाऱ्या थोड्या. कोंबडीची ही चिकट पिसू त्या थोड्यांपैकी. शास्त्रीय नाव एकिडनोफॅगा गॅलिनेशिया. ऑस्ट्रेलियातल्या एकिडना या काटेरी प्राण्यावर तिची एक बहीण सापडली, त्यावरून या कुळाला हे नाव पडलं. नावात कोंबडी असली तरी ती उंदीर, खारी, ससे, कुत्री, मांजरं यांच्यावरही राहते. गावाबाहेरच्या रानातून अंगणातल्या खुराड्यात ती अशीच येते.

इतर पिसवा रक्त पितात आणि अंगावर हिंडत राहतात. हिची मादी मात्र पिसं नसलेल्या कातडीत तोंड रुतवते आणि दोन ते सहा आठवडे तिथून हलत नाही. डोळ्याभोवती गर्दी झाली की कोंबडीला दिसत नाही, दाणा टिपता येत नाही. पिल्लं तर रक्त कमी होऊन मरतात.

पण कोंबडीवर दिसतो तो या गोष्टीचा लहान भाग. मादी अंडी घालते ती खाली जमिनीवर पडतात. काही दिवसांत त्यातून पांढुरकी, पाय नसलेली अळी निघते. ती चावत नाही. मातीतला केरकचरा आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं वाळलेलं रक्त, हे तिचं अन्न. मग ती कोश विणते. त्याला धूळ आणि वाळूचे कण चिकटतात, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. अनेक जातींच्या पिसवा कोशात तयार होऊनही आत थांबून राहतात. जमीन हादरली, ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोचला, की बाहेर पडतात. कुत्र्या-मांजरांचा वावर असलेलं घर काही महिने बंद ठेवून उघडलं की पहिल्याच दिवशी पायांवर पिसवा का तुटून पडतात, याचं उत्तर इथे आहे. पावलांची चाहूल हीच त्यांची जाग.

आजींच्या घरी तेच झालं. कोंबड्या बाजारात गेल्या, पण खुराड्यातली माती, भुसा आणि त्यातले कोश जागेवरच राहिले. नव्या पिसवा बाहेर पडल्या तेव्हा कोंबड्या नव्हत्या. जवळ होते ते माणसांचे पाय.

यजमान नाहीसा झाला की पिसू दुसरा शोधते, हा नियम महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून शिकला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. उंदीर मरतात आणि मागोमाग माणसं मरतात, हे लोकांना दिसत होतं, पण दुवा सापडत नव्हता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमॉन्ड या फ्रेंच डॉक्टरने पिसवा असलेला आजारी उंदीर एका बरणीत ठेवला आणि जवळच जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. तरी दुसरा उंदीर प्लेगनेच मेला. पुढे परळच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांनी यावर शिक्कामोर्तब केलं: पिसूच्या उडीपलीकडे टांगलेले गिनीपिग वाचले. मेलेला उंदीर थंड पडू लागला की पिसवा त्याला सोडतात, आणि घरात तेव्हा उबदार असतो तो माणूस.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही क्रम हाच होता. आधी उंदीर मेले, मग पिसवांचा उपद्रव झाला, त्यानंतर माणसांना गाठी आल्या. म्हणून प्लेगची शंका असलेल्या भागात आधी पिसवा मारायच्या आणि मग उंदीर, असा आरोग्य खात्याचा दंडक आहे. क्रम उलटा झाला तर आपणच पिसवांना घरात सोडतो.

कोंबडीच्या पिसूने प्लेग होतो, असं समजून घाबरू नका. प्लेगचा मुख्य वाहक उंदरावरची पिसू. पण उपाय दोन्हीकडे सारखाच आहे, तो जागेवर करायचा. खुराड्यातला भुसा, पिसं, विष्ठा, वरची माती खरवडून काढा आणि जाळा किंवा लांब पुरा. खुराडं उन्हात कोरडं होऊ द्या. पशुवैद्यकाने सांगितलेलं कीटकनाशक जमिनीवर आणि फटींत मारा. कोशांवर औषध फारसं चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मारा. पिकावरचं औषध कोंबड्यांच्या किंवा मुलांच्या अंगाला कधीही चोळू नका. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या परमेथ्रिनने मांजर दगावू शकतं. घरात उंदीर असतील आणि ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं, तर डॉक्टरांना उंदरांबद्दल आवर्जून सांगा. उंदरांच्या पिसवांमुळे टायफससारखा ताप येतो आणि वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. उंदीर एकाएकी मरू लागले, तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

आजींना मी खाजेची गोळी दिली आणि नातवाला खुराड्याचं काम. महिन्याभराने तो एकटाच आला, पाय स्वच्छ होते. आता खाजेचा रुग्ण आला की मी दोन प्रश्न विचारतो: घरात कोणतं जनावर आहे, आणि नुकतंच कोणतं गेलं? दुसरा प्रश्न मी आजींकडून शिकलो.