अल्लीपूर : कासरा मुलांच्या हाती

वर्धा शहराच्या दक्षिणेस, हिंगणघाट तहसिलीत, यशोदा नदीच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीवर वसलेले अल्लीपूर हे मोठे गाव आहे. परंतु किल्ला, लेणे किंवा राजवाडा पाहण्याच्या अपेक्षेने जो प्रवासी येथे येईल, त्याला पोलीस ठाणे, बाजारपेठ, देवळे आणि गावठाण संपताच सुरू होणारे पऱ्हाटी-तुरीचे शिवार एवढेच दिसेल, आणि एखाद्या सामान्य दिवशी तो आला असेल तर तेवढे पाहून तो परतही जाईल. या मुलखाचे वैभव वर्षातील ठरावीक तिथींनाच प्रकट होते, आणि ते पाहण्यासाठी मुलाबाळांसह, सहकुटुंब यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण येथील सणांत मुले नुसती प्रेक्षक नसतात, त्यांच्याकडे कामे असतात.

१८५३ साली तिसरे रघूजी भोसले निवर्तल्यावर इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि पुढे १९५१ साली मालगुजारी संपुष्टात येईपर्यंत येथील मौजे मालगुजारांच्या अमलाखाली राहिले. १९५६ साली हा प्रदेश मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. सरकारदफ्तरी इतके फेरफार झाले, तरी पेरणी मृगाकडे पाहूनच होत राहिली, आणि सालदाराचे साल गुढीपाडव्यापासूनच मोजले जात राहिले. या भागातील सणांची सारी मांडणी शेतीच्या कामांवर बेतलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे श्रावणी अमावास्येचा पोळा हाच येथील वर्षाचा मुकुटमणी का, याचा उलगडा होतो. डवरणी आटोपत आलेली असते, पऱ्हाटीला पात्या धरू लागलेल्या असतात, आणि दोन-अडीच महिने चिखलात राबलेल्या जनावराला एका दिवसाचा पूर्ण विसावा देणे या सुमारास शक्यही असते आणि न्याय्यही असते.

पोळ्याचे खरे दर्शन मात्र आदल्या सायंकाळी घ्यावे. बैल धुऊन आणून गोठ्यात बांधलेले असतात. घरधनी कोमट तूप आणि हळद एका वाटीत घेतो, पळसाच्या पानाने ते बैलाच्या खांद्यावर, जेथे जुवाने कातडी जाड, काळी आणि केसविरहित केलेली असते तेथे, हलक्या हाताने चोळतो, आणि चोळताना त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतो : आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. याला खांदशेकणी म्हणतात. त्या वेळी घरातील लहान मुलाकडे वाटी धरण्याचे काम असते, आणि बैलाच्या खांद्यावरचा तो घट्टा त्याला इतक्या जवळून वर्षातून बहुधा एकदाच दिसतो. आपल्या ताटातील भाकरीचा भार कोणी वाहिला, हे समजण्यासाठी त्याला निराळ्या पाठाची आवश्यकता उरत नाही.

दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा, कपाळी बाशिंगे आणि नवी वेसण, नवा कासरा अशा थाटात जोड्या गावाबाहेरील मोकळ्या जागी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली येऊन उभ्या राहतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात, कुणब्यांच्या प्रकरणात, या सोहळ्याचे वर्णन आढळते : शिंगांना मखर, म्हणजे पलिते खोचलेली लाकडी चौकट, बांधलेला वृद्ध बैल सर्वांपुढे असे, तो तोरण तोडून गावाकडे धाव घेई, त्याच्यामागून मालगुजाराच्या जोड्या आणि नंतर इतर कास्तकारांच्या जोड्या जात, आणि हा क्रम धनावर ठरत नसून घराण्याच्या परंपरागत मानावर ठरे, आपला योग्य मान डावलला गेला तर कुणब्याच्या ते जिव्हारी लागे. मालगुजारी गेली, तरी मानाच्या जोडीची भावना आजही पुष्कळ गावी जिवंत आहे, आणि तिच्यातून कधीकधी तंटेही उद्भवतात. मानाचा हा हट्ट मला प्रिय नाही, हे येथे नोंदवून ठेवतो. तोरणाखाली ज्याने आपला बैल निगुतीने सांभाळला त्याची जोडी पहिली, असा दंडक कोणी घालील तर त्या गावाचे मी मनापासून अभिनंदन करीन.

तोरणाखालील प्रतीक्षेत झडत्या म्हटल्या जातात. एकाने शीघ्रकवित्वाने महादेव-पार्वतीला नमन करून पिकांवर, भावावर, सावकारावर किंवा गावच्या कारभारावर यमके जुळवावी, दुसऱ्याने तितक्याच तडफेने उत्तर द्यावे, आणि प्रत्येक झडतीच्या अखेरीस सर्वांनी हर हर महादेवाची गर्जना करावी, असा हा वऱ्हाडी-नागपुरी लोकवाङ्मयाचा खुला दरबार असून, वर्षभर मनात साठलेली तक्रार येथे गावासमक्ष बोलता येते. मग तोरण तुटते, पोळा फुटतो, आणि जोड्या घरोघर पूजेसाठी नेल्या जातात. ओवाळून, पुरणपोळीचा घास भरवून, बैल आणणाऱ्या गड्याच्या हाती बोजारा म्हणून पैसे ठेवले जातात. हीच पिठोरी अमावास्याही असल्याने त्याच दिवशी घरात माता आपल्या लेकरांच्या आयुष्यासाठी पूजा करते. गोठ्यातील आणि घरातील दोन्ही लेकरांचा सण एकाच तिथीला यावा, यात मला या कृषिसंस्कृतीचे मोठे औचित्य दिसते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारोदारी ठेवलेले पळसाचे मेढे उचलून, रोगराई घेऊन जा गे मारबत, असा पुकारा करीत मुले ते गावाच्या हद्दीबाहेर टाकून येतात, आणि सायंकाळी भरतो तो तान्हा पोळा. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी मुलांना बैलाची ओळख व आवड लागावी म्हणून तो सुरू केला, असे परंपरा सांगते. नागपूरच्या भोसले घराण्यात तो आजही साजरा होतो आणि याच वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे तर मोठमोठ्या लाकडी नंद्यांमुळे त्याची ख्याती दूरवर पसरलेली आहे. खेड्यातील तान्हा पोळा याहून साधा असतो. सुताराने घडवलेला, चार चाकांवर उभा असलेला लाकडी नंदी, कित्येक घरांत आजोबांच्या वेळचा, नव्या रंगाचा हात देऊन बाहेर निघतो. त्याच्या गळ्यात खऱ्या बैलाप्रमाणे माळ, शिंगांना बेगड, आणि कासरा चार-पाच वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या मुठीत. तोरण, पूजा, झडत्या, सर्व विधी मोठ्यांच्या पोळ्याप्रमाणेच होतात, आणि नंतर मुले घरोघर नंदी नेऊन स्वतःचा बोजारा हक्काने मागतात. ट्रॅक्टर आल्यापासून तोरणाखालील जित्या जोड्या वर्षागणिक विरळ होत आहेत, आणि तान्ह्या पोळ्याचे मंडप, वेशभूषास्पर्धा व बक्षिसे मात्र वाढत आहेत. मुलांचा उत्साह वाढतो याचा मला आनंदच आहे; तथापि स्पर्धेत एकच मूल पहिले येते आणि बोजारा प्रत्येक मुलाला मिळतो, म्हणून व्यासपीठापेक्षा घरोघरची फेरी अधिक जपली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. शेजाऱ्याचा उंबरठा मुलाच्या ओळखीचा होतो तो या फेरीतच.

यानंतरचे दिवस मुलींचे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबा-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडून सायंकाळी घरोघर गाणी म्हटली जातात, झाकलेला खाऊ वास आणि आवाज यांवरून ओळखण्याचा खेळ रंगतो, आणि कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात. शरदातच कापसाची पहिली वेचणी निघते. त्या वेळी शेतात पऱ्हाटीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवण्याचा सीतादहीचा विधी बायका करतात, ज्याची वार्ता शहरातील कापडाच्या दुकानात क्वचितच पोहोचते. पुढे कार्तिकातील काकडआरती, हिवाळ्यातील भागवत सप्ताह, काल्याचे कीर्तन आणि गावजेवण. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने या जिल्ह्यातील गावोगावी रुजवलेली सामुदायिक प्रार्थनाही या वर्षक्रमात आपले स्थान राखून आहे.

अल्लीपूरला मुक्काम असता पूर्वेकडे समुद्रपूर तहसिलीतील गिरड अवश्य करावे. तेथील टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांचे भाविक तेथे येतात. टेकडीवर सापडणाऱ्या गोलसर खड्यांविषयीची आख्यायिका मुलांना सांगण्यासारखी आहे : दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी या साधूची चेष्टा केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड होऊन पडला, क्षमा मागताच साधूने वाळक्या पानांतून त्यांना नवा माल निर्माण करून दिला, आणि ते दोघे कायमचे त्याच्या सेवेत राहिले. उत्तरेस धाम नदीकाठी पवनार येथे विनोबांच्या आश्रमात, शेत खणताना सापडलेले भरतभेटीचे प्राचीन शिल्प पाहता येते, आणि सेवाग्रामही तेथून दूर नाही.

पोळ्यासाठी येणाऱ्या कुटुंबाने वर्धा किंवा हिंगणघाट येथे रेल्वेने उतरून अमावास्येच्या आदल्या दिवशीच गाव गाठावे, म्हणजे खांदशेकणी चुकणार नाही. बैल तोरणाखाली उभे असताना फटाके वाजवू नयेत, कारण बुजलेले जनावर गर्दीत शिरले तर लहान मुलांच्या जिवावर बेतते. आणि तान्ह्या पोळ्यापर्यंत राहणाऱ्याने खिशात सुटे पैसे भरपूर ठेवावेत, कारण नंदी घेऊन दारात आलेले मूल पाहुण्याकडूनही बोजारा घेतल्याशिवाय पुढच्या घरी जात नाही.