जखम काय सांगते?

गेल्या महिन्यात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा तास घेण्याचा योग आला. विषय होता, मारहाण वा हेळसांड झालेले मूल कसे ओळखावे. पहिल्याच बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, आई आपल्या लेकराबद्दल खोटं कशाला सांगेल?" प्रश्न रास्त होता. तरुणपणी माझेही मत तेच होते.

तेव्हा माझ्या दवाखान्यात दीड वर्षाचा मुलगा दोन्ही पाय भाजून आला होता. "गरम पाण्याच्या बादलीत पडला," असे घरच्यांनी सांगितले. मी मलमपट्टी करून पाठवून दिले. आज आठवतात त्या घोट्यांवरच्या दोन सरळ रेषा, मोजे घातल्यासारख्या. मूल आपणहून पडले तर हातपाय झाडते, पाणी उडते, भाजल्याच्या कडा वेड्यावाकड्या होतात. सरळ रेषा दिसली की पाय कुणी धरून बुडवले का, ही शंका घ्यायला हवी. मी घेतली नाही. ते मूल मला पुन्हा दिसले नाही.

अमेरिकेतील डॉ. केम्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली या विषयाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले, तरी आमच्या वेळी कुणी शिकवले नव्हते.

जखम आणि हकिगत जुळते का, हे आधी पाहावे. चालत्या मुलाच्या गुडघ्याला, नडगीला, कपाळाला लागणारच. पण कान, मान, पोट येथे पडून सहसा लागत नाही. चार महिन्यांच्या आतील बाळाच्या अंगावर काळेनिळे दिसले, तर डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. (आपल्याकडे पुष्कळ बाळांच्या कमरेवर जन्मतः निळसर डाग असतो. तो मार नव्हे. उगाच कुणावर आळ नको!) पोट फुगले म्हणून तापल्या सळईचे चटके देणारी आई दुष्ट नसते, पण बाळाला इजा होतेच. तेथे समजावणे आधी.

गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. सदरा फाटका असेना, मूल आईला बिलगते की तिला पाहून आक्रसते, ते बघा. डॉक्टर दोन मिनिटे पाहतात. वजनासाठी बाळाचे कपडे उतरवते ती नर्स. मूल काही बोलले तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, उलटतपासणी करू नये.

लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा स्पष्ट आहे. माहिती असून पोलिसांना न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते; सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक कुणीही फिरवावा.

तास संपताना तीच मुलगी उठली. "सर, घरचे लोक वॉर्डात येऊन दमदाटी करू लागले तर?" मी म्हटले, "एकटीने तोंड द्यायचे नाही. इनचार्ज सिस्टरला आणि डॉक्टरांना त्याच घटकेला बोलवायचे, आणि केसपेपर हातातून सोडायचा नाही."